फिरणं चांगलंच, पण पुरेसं नाही: वयानुसार व्यायाम कसा बदलायचा

व्यायाम म्हटलं की चाळिशीपुढच्या बहुतेकांना सकाळचं फिरणंच आठवतं. फिरण्याने हृदयाला, फुफ्फुसांना आणि रक्तातल्या साखरेला फायदा होतो, यात वाद नाही. पण रोज तासभर फिरणारा माणूसही सत्तरीत कमोडवरून उठताना भिंत धरतो, असं घरोघरी दिसतं. सपाट रस्त्यावर पायांना नेहमीचंच ओझं मिळतं आणि स्नायू वाढतो तो नेहमीपेक्षा जास्त ओझं मिळालं तरच. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घसरण आणखी वेगाने होते. म्हणून कोणत्याही वयात तीन गोष्टी सांभाळायच्या: दम, ताकद आणि तोल. वयाप्रमाणे बदलतं ते त्यांचं प्रमाण.

आधी घरीच मोजा

सुरुवात कुठून करायची हे वयावरून ठरवू नका. पन्नाशीतले दोघं एकमेकांपासून वीस वर्षं दूर असू शकतात. पुढच्या चाचण्यांना दहा मिनिटं पुरतात.

*खुर्चीवरून उठणं.* हात नसलेली, साधारण 43 सेंटीमीटर उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे घ्या आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. 60 ते 64 वयात पुरुषांना 14 पेक्षा आणि स्त्रियांना 12 पेक्षा कमी वेळा जमत असेल, तर पाय वयाच्या मानाने कमजोर आहेत. 70 ते 74 साठी हेच आकडे 12 आणि 10. तिशी-चाळिशीत कोणी जेमतेम 14 करत असेल, तर तो सूचनेचा भोंगा समजावा.

*एका पायावर उभं राहणं.* ओट्याजवळ, अनवाणी, डोळे उघडे ठेवून प्रत्येक पायावर 10 सेकंद. साठीच्या आत 30 सेकंद जमायला हरकत नाही.

*जमिनीवर बसून उठणं.* हात न टेकवता मांडी घालून बसायचं आणि तसंच उठायचं. पंगत गेली, डायनिंग टेबल आलं, संडासही कमोडचा झाला. त्यामुळे खुबा आणि घोटा पूर्ण वाकण्याची जी कसरत दिवसातून पाच-सात वेळा फुकट व्हायची ती बंद पडली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा गुडघा फार दुखणाऱ्यांनी ही चाचणी करू नये.

मुलं: लंगडीला पर्याय नाही

एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून तीन तास हालचाल व्हावी, पाच ते सतरा वयात रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल असा खेळ व्हावा आणि त्यातले किमान तीन दिवस हाडांना हादरे देणारे असावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हादरे म्हणजे उड्या, धावणं, अचानक थांबणं, वळणं. दोरीच्या उड्या, खो-खो आणि लंगडीत हे सगळं आपोआप येतं. लंगडीत तर शरीराचं सगळं वजन एका पायावर आदळतं आणि तोलही सांभाळावा लागतो. सायकल आणि पोहणं दमासाठी उत्तम, पण त्यांत हाडांवर आघात होत नाही. पोहणाऱ्या मुलालाही आठवड्यातून तीन दिवस मैदानावर पाठवा.

मोठ्या माणसाच्या हाडांतला जवळपास पाव हिस्सा वयात येतानाच्या दोनेक वर्षांत भरतो. नेमकं त्याच वेळी, बारा-तेराव्या वर्षी, मुलींचं खेळणं थांबवलं जातं. पाळी सुरू झाली म्हणून खेळ बंद करण्याला शरीरशास्त्रात कसलाही आधार नाही. उलट पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ होतात तेव्हा हीच शिल्लक कामाला येते.

वजन उचलल्याने उंची खुंटते हा समजही सोडून द्या. जाणकार शिक्षकाच्या नजरेखाली, पद्धत बिनचूक ठेवून हलकी वजनं उचलणं सुरक्षित आहे. मात्र दहा ते चौदा वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, गुडघ्याच्या वाटीखालचा नळीवरचा उंचवटा दुखू लागला, तर काही आठवडे उड्या आणि पळणं निम्म्यावर आणा. गोळ्या देऊन खेळवत राहू नका.

भरतीचं वय

अठरा ते पंचवीसमध्ये शरीर जवळजवळ काहीही सहन करतं, आणि घोळ तिथेच होतो. पोलीस भरतीचंच पाहा. मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर, स्त्रियांना 800 मीटर, शिवाय 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. जाहिरात आली की पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे डांबरी रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर पळायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात नळी दुखायला लागते. कारण सरळ आहे: हृदय आणि फुफ्फुसं दोन-तीन आठवड्यांत सरावतात, हाडं आणि कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) महिने लागतात. दम वाढला म्हणून अंतर वाढवलं जातं आणि हाड मागे राहतं.

जो न थांबता 2 किलोमीटर सावकाश धावू शकतो त्याने 12 आठवडे हाताशी ठेवावेत. आठवड्यात दोन दिवस सावकाश धावणं, सुरुवातीला 3 आणि 4 किलोमीटर, बोलता येईल इतक्याच वेगाने. एक दिवस 400 मीटरच्या चार फेऱ्या, चाचणीच्या वेगापेक्षा किंचित जलद, मध्ये अडीच-तीन मिनिटं चालत विश्रांती. महिन्याभराने सहा फेऱ्या. दोन दिवस जोर, बैठका आणि गोळ्याचा सराव. उरलेले दोन दिवस पूर्ण आराम. आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका आणि दर चौथ्या आठवड्यात ते एक तृतीयांशाने कमी करा. शक्य तिथे मातीच्या मैदानावर धावा. दुखणं नळीच्या लांबीवर पसरलेलं असेल तर पळणं निम्मं करून भागतं. पण बोट ठेवावं अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. तेव्हा पळणं थांबवायचं आणि हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

जिममध्ये जाणाऱ्यांना एकच सांगणं: छाती आणि दंड आरशात दिसतात म्हणून आठवड्याचे चार दिवस त्यांनाच दिले जातात, पाठ आणि पाय उपाशी राहतात. खांदा पुढे ओढला जाऊन दुखण्याची सुरुवात तिथूनच होते. ढकलण्याच्या प्रत्येक व्यायामाला ओढण्याचा एक व्यायाम जोडा.

तीस ते पंचेचाळीस: पाच हालचाली

या वयात वेळ नसतो. म्हणून कमी वेळात जास्तीत जास्त स्नायू कामाला लावतील अशा पाच हालचाली आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून करायच्या. प्रत्येकीचे दोन-तीन सेट, सेटमध्ये 8 ते 12 वेळा. शेवटच्या दोन वेळा कष्टाने निघाल्या पाहिजेत; बाराव्यानंतरही गप्पा मारता येत असतील तर ओझं कमी पडतंय.

*बैठक.* तालमीतली बैठक चवड्यांवर, टाचा उचलून, झोक्याने मारतात. लहानपणापासून सराव असेल तर ठीक. चाळिशीत नव्याने सुरू करणाऱ्याच्या गुडघ्याच्या वाटीवर त्याने फार दाब येतो. पाय खांद्याइतके फाकवा, टाचा जमिनीला टेकलेल्या, कुल्हे आधी मागे न्या आणि तीन सेकंद घेत खाली बसा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने राहिले पाहिजेत, आत वळले तर तिथेच थांबा. मागे खुर्ची ठेवा आणि तिला जेमतेम स्पर्श करून उठा. धपकन बसणं ही सर्वांत मोठी चूक, कारण अर्धा व्यायाम खाली जाताना होतो.

*जोर.* जमिनीवर एकही जमत नसेल तर ओट्याच्या कडेवर हात ठेवून करा. ओटा 12 वेळा सहज जमला की पलंगाची कड, मग जमीन. गुडघे टेकवून करण्यापेक्षा ही पायरी बरी, कारण पाठ आणि पोट पूर्ण वेळ ताठ राहतात. कंबर मध्ये झोळीसारखी लटकली की सेट संपला असं समजा.

*ओढणं.* विहिरीचं पाणी शेंदणं संपलं तसा घरातून हा व्यायामच नाहीसा झाला, आणि सूर्यनमस्कारातही तो नाही. मजबूत पिशवीत दोन-दोन लिटरच्या भरलेल्या दोन बाटल्या ठेवा, म्हणजे 4 किलो. एक हात टेबलावर टेकवा, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका आणि पिशवी बरगडीपर्यंत ओढा. कोपर मागे जातं, खांदा कानाकडे जात नाही.

*जमिनीवरून उचलणं.* पाच किलोची पिठाची पिशवी दोन्ही हातांनी अंगाजवळ धरा. गुडघे थोडे मोडून कुल्हे मागे न्या, पिशवी मांड्यांना घासत गुडघ्यांखाली येऊ द्या, मग कुल्हे पुढे आणत उभे राहा. पाठीची कमान होणं आणि पिशवी अंगापासून लांब जाणं, कंबर धरते ती या दोन कारणांनी.

*ओझं घेऊन चालणं.* दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या बादल्या, प्रत्येकी साधारण 8 किलो, घेऊन गच्चीवर 30 मीटर चाला. पाणी हिंदकळून सांडत असेल तर चाल डगमगते आहे. पकड, खांदे, पोट, पाय, सगळं एकदम तयार होतं.

जोर लावताना श्वास सोडायचा. रोखून धरला तर रक्तदाब क्षणात वर जातो.

याशिवाय आठवड्याला 150 मिनिटं दमाचा व्यायाम. फिरत असाल तर वेग मिनिटाला किमान 100 पावलं ठेवा. 15 सेकंदांत 25 पावलं मोजून पाहा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दहा हजार पावलांचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. तो 1965 च्या एका जपानी पावलं मोजण्याच्या यंत्रासोबत रूढ झाला.

सूर्यनमस्काराबद्दल: खांदे, कणा आणि मांडीची मागची बाजू मोकळी राखायला त्याच्याइतका सुटसुटीत व्यायाम नाही, आणि बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटं पुरतात. पण एरवी वर्षभर अंग न हलवता रथसप्तमीला एकदम 108 घालणं म्हणजे मनगट आणि कंबर दुखवून घेणं आहे. आठवड्याला दोन-तीन नमस्कार वाढवत जा. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती डॉक्टरांना विचारूनच करा.

बाळंतपणानंतर वेगळा हिशेब. चालणं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं (लघवी रोखताना आवळतात ते) दुखत नसेल तर पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं: पाच सेकंद आवळून सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सिझेरियन असेल तर सहाव्या आठवड्याच्या तपासणीपर्यंत बाळापेक्षा जड काही उचलू नका. उताणं झोपून डोकं उचलल्यावर बेंबीच्या रेषेत उंचवटा आला, तर पोटाचे स्नायू अजून दूर आहेत. उताणं झोपून उठून बसण्यासारखे (सिट-अप्स) पोटाचे व्यायाम तूर्त बंद. पट्टा बांधल्याने आधार मिळतो, स्नायू बळकट होत नाहीत.

पंचेचाळीस ते साठ

पाळी थांबताना आणि नंतरची पाच-सात वर्षं स्त्रियांची हाडं सर्वांत वेगाने झिजतात. कॅल्शियमच्या गोळीपुरतं थांबून चालत नाही, हाडावर ओझं पडायला हवं. वरच्या पाचही हालचाली सुरू ठेवा, फक्त वजन हळूहळू वाढवा: दोन आठवडे 12 वेळा नीट जमलं की अर्धा-एक किलो. ज्यांची हाडं अजून शाबूत आहेत त्यांनी जागच्या जागी हलक्या 10-20 उड्या माराव्यात. ज्यांना हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालंय त्यांनी उड्या आणि कमरेतून पुढे झटक्याने वाकणं टाळावं.

दिवसभराचं घरकाम म्हणजे व्यायामच, असं अनेक बायकांना सांगितलं जातं. घरकाम हे कष्ट आहेत, थकवा खरा आहे. पण तेच ओझं, तेवढंच, वर्षानुवर्षं, त्याने ताकद वाढत नाही. तासन्‌तास ओट्याशी उभं राहून गुडघे आणि टाचा मात्र दुखतात.

भारतीयांमध्ये मधुमेह कमी वजनातही गाठतो. पुरुषांनी कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांनी 80 च्या आत ठेवावी. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता मोजा. जेवणानंतरची साखर उतरवायला शतपावली खरोखर उपयोगी आहे. फक्त शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर व्यायामाआधी साखर मोजा. ती 100 च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच सुरू करा आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवा. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडी मुळातच संथ राहते. मनगटी घड्याळ दाखवतं त्या नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नका, बोलण्याची चाचणी वापरा: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

गुडघा दुखतो म्हणून बैठका बंद करणं हा या वयातला सर्वांत महागडा निर्णय. मांडीचा स्नायू कमजोर झाला की गुडघ्यावर अधिक ताण येतो आणि दुखणं वाढतं. बैठकीची उंची वाढवा: खुर्चीवर दोन उशा ठेवून, दुखत नाही त्या उंचीवरून उठा-बसा. व्यायामानंतरचं दुखणं 24 तासांत नेहमीच्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर निम्मी करा.

छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी कळ, अचानक घाम, भोवळ: यातलं काहीही झालं तर थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. त्याला गॅस समजून घरी बसण्यात जीव जातो.

साठीनंतर: आधी तोल, मग बाकी सगळं

खुब्याचं हाड मोडणं हे म्हातारपणातल्या अनेक अंथरुणांचं मूळ. आठवड्यात किमान तीन दिवस तोलाचा सराव करा. ओटा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात उभे राहा, म्हणजे दोन बाजूंना आधार असतो. पायऱ्या अशा: दोन्ही पाय जुळवून, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी, मग एका रेषेत, टाचेला चवडा लावून, शेवटी एक पाय उचलून. प्रत्येक स्थिती आधी 10 सेकंद, जमली की 30. ती सहज जमल्याशिवाय पुढची नको. त्यासोबत ओटा धरून टाचा उचलणं, 15 वेळा. चालताना पुढे ढकलणारी ताकद पोटरीतून येते. खुर्चीवरून उठण्याचे दोन सेट रोज. हातांचा आधार लागत असेल तर आधी घ्या, मग एका हाताचा, मग नुसता बोटांचा.

मात्र घरभर निसरडी पायपुसणी पसरलेली असतील तर या सगळ्या सरावावर पाणी फिरतं. ती काढा, रात्री लघवीला जायच्या वाटेवर मंद दिवा ठेवा, न्हाणीघरात पकडायला दांडी बसवा, नऊवारी-पाचवारीचा किंवा पायजम्याचा काठ घोट्याच्या वर ठेवा. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी अंथरुणाच्या कडेवर मिनिटभर बसूनच उभं राहावं.

पडल्यावर उठायचं कसं हेही आधीच शिकून ठेवा, घरात कोणी असताना. कुशीवर वळा, कोपर टेकवून बसते व्हा, रांगत खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा, भक्कम पाय पुढे टेकवा, जोर देऊन उठा आणि वळून खुर्चीवर बसा. खुब्यात किंवा मणक्यात तीव्र कळ असेल तर उठू नका, हाक मारा.

विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी परता. उलट थंडीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पहाटेची हवा सर्वांत खराब असते, कारण धूर जमिनीलगत साचून राहतो. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ऊन आल्यावर निघावं.

ताटातलं

व्यायाम करूनही स्नायू भरत नसतील तर दोष बहुधा ताटात असतो. साठीपुढे किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. दोन पोळ्यांत सहा-सात ग्रॅम, वाटीभर पातळ वरणात चार-पाच. दोन्ही वेळचं वरण-भात-पोळी-भाजी धरूनही जेमतेम निम्मा पल्ला गाठला जातो. उरलेल्यासाठी पाव लिटर दूध (8 ग्रॅम), वाटीभर मटकीची उसळ (सुमारे 8), मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे (7 ते 8), अंडं (6), 50 ग्रॅम पनीर (9) यांतून निवडा. मासे किंवा चिकन खाणाऱ्यांना शिजवलेल्या 100 ग्रॅममधून 22-25 मिळतात. रात्री नुसती खिचडी किंवा दूध-भात खाणाऱ्या आजी-आजोबांच्या नाश्त्यातच एक भक्कम पदार्थ घाला. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

खंड पडल्यावर

ताप असताना व्यायाम नाही. ताप उतरून दोन दिवस झाल्यावर नेहमीच्या निम्म्या वजनाने आणि निम्म्या वेळाने सुरू करा, दोन आठवड्यांत मूळ पातळीवर या. चिकुनगुन्यानंतर सांधे आठवडेच काय, महिनेही दुखू शकतात. आधी फक्त सांधे पूर्ण वाकवणं-ताठ करणं, सकाळी अंघोळीनंतर, मग ओझं. आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसाचे पाय फार लवकर वितळतात, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्या दिवसापासून पलंगाच्या कडेवरून पाच वेळा उठणं-बसणं, दिवसातून तीनदा. उंच पलंगावरून आधी, खुर्चीवरून नंतर, आणि सुरुवातीचे काही दिवस घरातलं कोणीतरी शेजारी उभं राहून.